मेनफ्रेमच्या दारी आलेले काम : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. सोलापुरात घरी बसून पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या संगणक यंत्रणा सांभाळणारे वाचक आता संख्येने बरेच आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा संबंध आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकावर, झेड/ओएस प्रणालीत चालणाऱ्या डीबी२ या डेटाबेसशी येतो. पूर्वी या डेटाबेसला काम सांगणारे प्रोग्राम त्याच यंत्रावर असत. आता बरेचसे काम बाहेरून, म्हणजे जावाच्या सर्व्हरवरून, संकेतस्थळावरून किंवा मोबाइल अ‍ॅपवरून येते. या बाहेरून आलेल्या कामाची गती कशी राखावी, हा सर्व पत्रांचा समान प्रश्न आहे.

प्रश्न : आमचा गट एका विमा कंपनीचा डीबी२ सांभाळतो. सकाळी अकराच्या सुमारास संकेतस्थळावरून येणाऱ्या क्वेरींना (माहितीच्या मागण्यांना) आठ-दहा सेकंद लागतात, पण त्याच वेळी सीआयसीएसमधील (मेनफ्रेमवरच व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीतील) व्यवहार अर्ध्या सेकंदात पूर्ण होतात. टेबले तीच, इंडेक्स तेच. डीडीएफच्या अ‍ॅड्रेस स्पेसचे (यंत्राच्या स्मृतीतील त्याच्या स्वतंत्र जागेचे) प्राधान्य आम्ही वाढवून पाहिले, तरी काहीही फरक पडला नाही. आमचे काय चुकते आहे? (एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : फरक पडला नाही, याच गोष्टीत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. डीडीएफ हा डीबी२चा बाहेरच्या मागण्या स्वीकारणारा भाग आहे, आणि त्याच्या अ‍ॅड्रेस स्पेसला दिलेले प्राधान्य हे मागणी स्वीकारणे, नेटवर्कशी बोलणे, थ्रेड (काम चालवणारा धागा) उभा करणे अशा त्याच्या स्वतःच्या कामापुरते असते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत आलेली क्वेरी मात्र त्या प्राधान्यावर चालत नाही. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र एन्क्लेव्ह, म्हणजे त्या कामाचे वेगळे खाते, तयार होते, आणि त्या एन्क्लेव्हला किती प्रोसेसर द्यायचा हे वर्कलोड मॅनेजर ठरवतो. झेड/ओएसची पूर्वज असलेल्या एमव्हीएस प्रणालीच्या १९९४ सालच्या आवृत्तीपासून हा घटक प्रणालीत आहे. आपण त्याला उद्दिष्ट सांगायचे आणि त्याने दर दहा सेकंदांच्या सुमारास परिस्थिती पाहून साधने इकडची तिकडे करायची, अशी त्याची रीत आहे.

आता हा वर्कलोड मॅनेजर आलेले काम ओळखतो कसे? आपण लिहून दिलेल्या वर्गीकरणाच्या नियमांवरून. डीडीएफच्या कामासाठी असा नियमच लिहिलेला नसेल, किंवा लिहिलेल्या एकाही नियमात ते काम बसत नसेल, तर ते ‘सिसअदर’ नावाच्या सर्व्हिस क्लासमध्ये (कामांच्या गटात) टाकले जाते. त्याचे उद्दिष्ट ‘डिस्क्रिशनरी’ असते, म्हणजे सर्वांचे भागल्यावर काही उरले तर द्यावे. यंत्र मोकळे असते तेव्हा हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उरलेलेही पुष्कळ असते. सकाळी अकरा वाजता, सर्व शाखांचे काम भरात आले की उरत काहीच नाही आणि आपले संकेतस्थळ अडकते. चादरीच्या कारखान्यात सूत येऊन पडावे आणि सोबत कोणत्या व्यापाऱ्याचा माल आहे याची चिठ्ठीच नसावी, तसा हा प्रकार आहे. मागावर आधी चिठ्ठी असलेला माल चढेल. बिनचिठ्ठीचा माल कितीही तातडीचा असला तरी तो कोपऱ्यात पडून राहील आणि त्यात मुकादमाचा काही दोष नसेल.

म्हणून आपण प्रथम आरएमएफचा (यंत्राच्या कामगिरीची मोजणी करणाऱ्या साधनाचा) वर्कलोड अहवाल काढून ‘सिसअदर’मध्ये किती काम गेले ते पाहावे. तेथे शून्याखेरीज दुसरा आकडा दिसला, तर शोध तेथूनच सुरू करावा.

नियम लिहिताना एक अडचण हमखास येते. जावाच्या सर्व्हरवरून येणारे सर्व काम एकाच यूजर आयडीने येते, त्यामुळे पॉलिसीची रक्कम पाहणारा ग्राहक आणि वर्षभराचा अहवाल ओढणारा कर्मचारी डीबी२ला एकसारखेच दिसतात. यावर उपाय असा, की प्रोग्रामने कनेक्शन हातात घेताच त्यावर आपली ओळख लिहावी. अ‍ॅप्लिकेशनचे नाव, प्रत्यक्ष वापरणाऱ्याची ओळख, वर्कस्टेशनचे नाव आणि अकाउंटिंगची माहिती हे चारही तपशील जेडीबीसीमधून (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यातून) पाठवता येतात आणि वर्गीकरणाच्या नियमांत वापरता येतात. नियम वरून खाली वाचले जातात आणि जुळणारा पहिला नियम लागू होतो, म्हणून विशिष्ट नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली ठेवावेत. सर्वांत शेवटी, बाकी काहीही आले तरी ते एका माफक क्लासमध्ये जाईल असा नियम असू द्यावा, म्हणजे ‘सिसअदर’ कायम रिकामा राहील.

उद्दिष्टांविषयीही थोडे लिहितो, कारण येथे झालेली चूक मी स्वतः केलेली आहे. एका वित्तसंस्थेत काम करताना प्रत्येक विभागाने आपले काम सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगितले आणि मी ते मान्य करून जवळजवळ सर्व क्लासना महत्त्व १, म्हणजे सर्वांत वरची पायरी, दिले. परिणाम असा झाला, की कोणाला थांबवून कोणाला पुढे न्यावे हे ठरवण्यास वर्कलोड मॅनेजरकडे आधारच उरला नाही, आणि महिनाअखेरीस खरोखर तातडीचे काम इतरांबरोबर रांगेत थांबले. एक ते पाच या पायऱ्या वापरण्यासाठीच दिलेल्या आहेत. ग्राहकांच्या छोट्या क्वेरींसाठी ‘शंभरांतील नव्वद कामे अर्ध्या सेकंदाच्या आत’ अशा टक्केवारीच्या रूपातील उद्दिष्ट योग्य ठरते, कारण एखादी अवाढव्य क्वेरी सरासरी बिघडवते, पण टक्केवारी सहसा बिघडवत नाही. त्याच क्लासला दोन किंवा तीन पीरियड द्यावेत. ठरावीक सेवा (प्रोसेसर वगैरे साधने) वापरून झाली, की काम पुढच्या पीरियडमध्ये जाते आणि त्याचे महत्त्व उतरते. अशा रचनेत लहान कामे झटपट निघून जातात आणि मोठ्या क्वेरीला आपोआप मागची जागा मिळते. कोणती क्वेरी मोठी निघणार हे आधी कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र प्रतिसादवेळेचे उद्दिष्ट तेथेच द्यावे जेथे कामे वारंवार पूर्ण होतात. वीस मिनिटांत निदान दहा कामे संपत नसतील, तर वर्कलोड मॅनेजरला निष्कर्ष काढण्यापुरता आधार मिळत नाही आणि तेथे व्हेलॉसिटीचे, म्हणजे कामाला साधनांसाठी किती कमी थांबावे लागावे याचे, उद्दिष्ट बरे.

प्रश्न : मी जावा डेव्हलपर आहे. मेनफ्रेमच्या गटाकडून ‘कमिट करा’ असे निरोप सतत येतात. आमचा प्रोग्राम फक्त माहिती वाचतो, एक अक्षरही बदलत नाही. वाचण्यासाठी कमिट कशाला हवे? ही जुन्या पद्धतीची अढी तर नव्हे? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : ही अढी नाही. आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो अनेकांच्या मनात असतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कमिट म्हणजे केलेला बदल कायम करणे, एवढाच अर्थ आपण धरलेला आहे. डीबी२च्या बाजूने पाहिले तर कमिटचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे : ‘माझे हे काम संपले.’ बाहेरून आलेल्या कामासाठी डीबी२ जो थ्रेड देतो त्याला डीबॅट म्हणतात. सीएमटीस्टॅट हे पॅरामीटर ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असेल, आणि बहुतेक ठिकाणी ते तसेच असते, तर कमिट होताच डीबॅट आपल्या कनेक्शनपासून सुटतो आणि सामायिक साठ्यात परत जातो. कनेक्शन जागेवरच राहते, पण ते फार थोडी जागा घेते. पुढची मागणी आली की साठ्यातील कोणताही मोकळा डीबॅट ती उचलतो. हजारो कनेक्शनांचे काम शे-दोनशे डीबॅटवर भागते, ते या देवघेवीमुळेच.

आपला प्रोग्राम वाचून झाल्यावर कमिट न करता दुसऱ्या उद्योगाला लागला, तर डीबॅट त्याच्याच नावावर अडकून राहतो. यात तीन प्रकारची हानी होते. पहिली म्हणजे इतरांना डीबॅट मिळत नाही. दुसरी हानी सहज दिसत नाही : एन्क्लेव्ह कमिटपर्यंत चालू राहते, त्यामुळे वर्कलोड मॅनेजरला आपले काम अजून संपलेलेच नाही असे दिसते. अर्ध्या सेकंदाची क्वेरी त्याच्या हिशेबात चाळीस सेकंदांची होते, आणि त्या एका एन्क्लेव्हमध्ये एकामागून एक क्वेरी चालत राहिल्या तर वापरलेली सेवा साठत जाऊन आपले पुढचे छोटे कामही खालच्या पीरियडमध्ये ढकलले जाते. म्हणजे स्वतःची गती आपण स्वतःच कमी करतो. तिसरी हानी रात्रीच्या देखभालीची. वाचणारा प्रोग्रामही टेबलस्पेसवर (टेबले साठवण्याच्या जागेवर) एक ‘क्लेम’ धरून ठेवतो आणि तो कमिटपर्यंत सुटत नाही. रीऑर्गसारखी (डेटा पुन्हा नीट मांडणारी) युटिलिटी सर्व क्लेम सुटण्याची वाट पाहते आणि शेवटी वेळ संपून निकामी होते. पहाटे तीन वाजता ज्याला त्यासाठी उठावे लागते, तोच आपल्याला तो निरोप पाठवत असतो.

कमिट न करता गप्प राहिलेल्या थ्रेडवर डीबी२ स्वतःही लक्ष ठेवतो. त्यासाठीच्या पॅरामीटरचे मूळ मूल्य १२० सेकंदांचे आहे. तेवढा वेळ काही हालचाल झाली नाही तर थ्रेड रद्द होतो आणि आपल्या प्रोग्रामला तुटलेल्या कनेक्शनचा संदेश येतो. तेव्हा ‘मेनफ्रेमने कनेक्शन तोडले’ अशी तक्रार करण्याआधी त्या दोन मिनिटांत आपला प्रोग्राम काय करत होता हे पाहावे.

कधी कधी कमिट करूनही डीबॅट सुटत नाही. ‘विथ होल्ड’ने, म्हणजे कमिटनंतरही टिकेल असा, उघडलेला कर्सर (निकालाच्या ओळी वाचण्याचे साधन) बंद न केलेला असणे, कमिटनंतरही ओळी टिकवणारे तात्पुरते टेबल न काढलेले असणे, किंवा पॅकेज (प्रोग्रामच्या एसक्यूएलचे तयार करून ठेवलेले रूप) ‘कीप-डायनॅमिक’, म्हणजे तयार विधाने कमिटनंतरही राखण्याच्या, पर्यायाने बांधलेले असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. जेडीबीसीमध्ये कर्सर होल्डेबल आहे की नाही हे आपण स्वतः सांगितले नाही तर तो कमिटनंतरही उघडा ठेवला जाऊ शकतो, म्हणून रिझल्टसेट वाचून होताच बंद करण्याची सवय ठेवावी.

यावर ‘मग ऑटोकमिट चालू ठेवतो’ असे आपण म्हणाल. केवळ एका क्वेरीचे काम असेल तर ते ठीक आहे. पण एका व्यवहारात चार-पाच विधाने असतील तर प्रत्येकामागे कमिट करण्याने खर्च वाढतो, आणि त्यांतील दोन विधाने बदल करणारी असतील तर अर्धवट झालेला व्यवहार कायम होण्याचा धोकाही राहतो. ग्राहकाच्या दृष्टीने जेथे एक काम पूर्ण होते तेथे एक कमिट, हे माप मला सर्वांत योग्य वाटते.

प्रश्न : गर्दीच्या वेळी मागण्या डीबॅटची वाट पाहत थांबतात, असे आमच्या लक्षात आले आहे. मॅक्सडीबॅट (एका वेळी चालू शकणाऱ्या डीबॅटची मर्यादा) २०० वरून थेट १००० करावे, असा प्रस्ताव आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर : प्रस्ताव योग्य ठरू शकेल, पण तो पहिला उपाय नसावा. आपल्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की गाड्यांची रांग आवाराबाहेर रस्त्यावर येते. त्या दिवशी आवाराचे फाटक रुंद केले तर सर्व गाड्या आत येतील, पण लिलाव करणारे, तोलणारे आणि माल उतरवणारे हात तेवढेच असतील, तर गर्दी फक्त बाहेरून आत सरकेल. मॅक्सडीबॅट हे असे फाटक आहे. ते एकाएकी पाचपट केले तर थांबलेल्या मागण्या एकाच वेळी प्रोसेसर, बफर पूल (डेटा तात्पुरता ठेवण्याची स्मृती) आणि लॉकांसाठी भांडू लागतील, आणि जी रांग दाराशी स्पष्ट दिसत होती ती आत विखुरल्यामुळे दिसेनाशी होईल.

डिस्प्ले डीडीएफ ही आज्ञा तपशिलासह दिली की मर्यादा किती वेळा गाठली गेली याचा एकत्रित आकडा मिळतो. तो डीडीएफ सुरू झाल्यापासूनचा असतो, म्हणून गर्दीच्या आधी आणि नंतर असा दोनदा नोंदवून फरक पाहावा. त्यानंतर अडकलेले डीबॅट कोणाच्या नावावर आहेत आणि ते खरोखर काम करत आहेत की कमिटविना बसून आहेत, याची तपासणी करावी. वरच्या पत्रातील प्रोग्रामसारखा एखादा प्रोग्राम सापडण्याची शक्यता मोठी आहे. सगळे डीबॅट खरोखर कामात असतील, प्रोसेसर व मुख्य स्मृती शिल्लक असेल, तर मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवावी. डीबी२ १० पासून थ्रेडची बहुतेक स्मृती दोन गिगाबाइटच्या सीमेच्या वरच्या भागात गेल्यामुळे पूर्वीची कोंडी राहिलेली नाही, पण खरी स्मृती लागतेच.

त्याच आवृत्तीपासून प्रोफाइल टेबलांचा वापर बाहेरच्या कामावर मर्यादा घालण्यासाठी करता येतो, आणि माझ्या मते एकूण मर्यादा वाढवण्यापेक्षा ही वाट अधिक न्याय्य आहे. एखाद्या आयपी पत्त्यावरून किंवा एखाद्या अ‍ॅप्लिकेशनच्या नावाने येणाऱ्या थ्रेडची संख्या, कनेक्शनची संख्या आणि निष्क्रिय राहण्याची वेळ वेगवेगळी बांधून देता येते. मर्यादा ओलांडल्यास केवळ इशारा द्यावा की मागणी रोखावी, हेही आपण ठरवू शकतो. सुरुवातीचे काही आठवडे इशाऱ्यावरच ठेवावे, आकडे नीट पाहावेत, मगच रोखण्याचा पर्याय लावावा. एका विभागाच्या बिघडलेल्या प्रोग्रामने सर्वांचे डीबॅट खाऊन टाकण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

आपल्याकडे हाय परफॉर्मन्स डीबॅट वापरात असतील, तर हिशेब बदलतो. त्यात पॅकेज ‘रिलीज डीअ‍ॅलोकेट’ने बांधलेले असते आणि डीबॅट कमिटनंतरही त्याच कनेक्शनपाशी राहतो. छोट्या आणि फार वारंवार येणाऱ्या व्यवहारांत प्रोसेसरची चांगली बचत होते, पण साठ्यातील डीबॅट तेवढे कमी होतात. हा पर्याय सरसकट सर्व पॅकेजना लावू नये.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सर्व शिकण्यासाठी मेनफ्रेम कोठे मिळणार? (एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड)

उत्तर : आयबीएमचे ‘झेड एक्सप्लोर’ हे प्रशिक्षण विनामूल्य आहे आणि त्यात इंटरनेटवरून खऱ्या झेड/ओएसवर काम करता येते. प्रथम जेसीएल (यंत्राला काम सांगण्याची भाषा) आणि डेटासेट (मेनफ्रेमवरील फाइल) यांची ओळख करून घ्यावी, मग डीबी२कडे वळावे. एसक्यूएल आपल्याला येत असेलच. मेनफ्रेमवरही ते तेच आहे.

प्रश्न : बाहेरच्या कामाचा साठ टक्के भार झिप या ठरावीक कामांसाठीच्या खास प्रोसेसरवर जातो आणि त्यावर सॉफ्टवेअरचे शुल्क लागत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बिल कमी झाले नाही. असे का? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : सांगितले ते खरे आहे, पण त्याला अटी आहेत. झिप प्रोसेसर २००६ साली आले. टीसीपी/आयपीवरून डीआरडीए या डेटाबेसशी दुरून बोलण्याच्या पद्धतीने येणाऱ्या एसक्यूएलचा साधारण ६० टक्क्यांपर्यंतचा भाग त्यांच्यावर चालू शकतो, आणि तेथे झालेले काम सॉफ्टवेअरच्या शुल्कासाठी मोजल्या जाणाऱ्या एमएसयूमध्ये (प्रोसेसर वापराच्या मापात) धरले जात नाही. आता अटी पाहू. कोबॉलसारख्या भाषेत लिहिलेली बाहेरची स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसकडे ठेवलेला छोटा प्रोग्राम) वेगळ्या अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये चालते, त्यामुळे तिला ही सवलत मिळत नाही. एसक्यूएलमध्येच लिहिलेली नेटिव्ह प्रोसिजर डीआरडीएवरून बोलावली तर तिला मिळते. आपल्याकडे जुन्या प्रोसिजर पुष्कळ असतील तर बचत तेथेच गळत असेल.

दुसरे कारण गर्दीचे असते. झिप प्रोसेसर भरलेले असताना प्रणाली त्यांचे काम सामान्य प्रोसेसरकडे वळवू शकते, कारण काम अडकून राहण्यापेक्षा ते बरे. गर्दीच्या तासातच हे घडते, आणि शुल्कही बहुधा अशाच गर्दीच्या काळातील, चार तासांच्या सरासरीने मोजलेल्या, कमाल वापरावर ठरत असते. आरएमएफच्या अहवालात झिपवर जाऊ शकणारे पण सामान्य प्रोसेसरवर चाललेले काम वेगळे दाखवलेले असते. गर्दीच्या तासाचा तो आकडा काढून पाहावा. तो मोठा असेल तर आणखी एका झिप प्रोसेसरचा खर्च निघून येईल की नाही, याचा हिशेब मांडता येईल.

प्रश्न : क्वेरी संथ आहे की नेटवर्क संथ आहे, यावर आमच्या दोन गटांत दर आठवड्याला वाद होतो. तो पुराव्याने मिटवण्याचा मार्ग आहे का? (एक वाचक, दमाणी नगर)

उत्तर : मार्ग आहे, आणि तो डीबी२ स्वतःच लिहून ठेवतो. एसएमएफच्या (प्रणालीच्या नोंदवहीच्या) १०१ क्रमांकाच्या नोंदींत प्रत्येक कामाचे क्लास १, क्लास २ आणि क्लास ३ असे तीन हिशेब असतात. क्लास १ म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा एकूण वेळ, क्लास २ म्हणजे त्यातील प्रत्यक्ष डीबी२च्या आत गेलेला वेळ, आणि क्लास ३ म्हणजे आत असताना लॉक, डिस्क वगैरेंसाठी थांबण्यात गेलेला वेळ. क्लास १ मोठा आणि क्लास २ लहान असेल तर वेळ डीबी२च्या बाहेर, नेटवर्कवर किंवा प्रोग्राममध्ये जात आहे. क्लास २ मोठा आणि त्यात क्लास ३ही मोठा असेल तर कशासाठी थांबावे लागले ते त्याच नोंदीत पाहावे. क्लास २ मोठा, क्लास ३ लहान आणि प्रोसेसरचा वेळही लहान असेल, तर कामाला प्रोसेसरच मिळालेला नाही. अशा वेळी पुन्हा पहिल्या पत्राच्या उत्तराकडे, म्हणजे वर्गीकरणाकडे वळावे.

या नोंदी वाचताना एक काळजी घ्यावी. बाहेरच्या कामांच्या नोंदी फार होतात म्हणून अ‍ॅक्युमॅक हे पॅरामीटर अनेक कामे एकत्र करून एकच नोंद लिहिते, आणि त्याचे मूळ मूल्य १० आहे. नऊ कामे झटपट झाली आणि दहावे रखडले, तर ते दहावे या बेरजेत हरवते. वाद मिटेपर्यंत, एकत्र चालणाऱ्या डीबी२च्या गटातील कमी गर्दीच्या एखाद्या सदस्यावर का होईना, हे एकत्रीकरण बंद करून नोंदी घ्याव्यात.

बाहेर गेलेला वेळ बहुतेकदा फेऱ्यांच्या संख्येत सापडतो. सोलापूर ते मुंबई अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाशाला तेथे जाऊन परत येण्यासच जवळपास ४ मिलिसेकंद लागतात, आणि हा वेळ कोणत्याही प्रोसेसरने कमी होत नाही. आधी ५०० ग्राहकांचे क्रमांक आणून मग प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी पाठवणारा प्रोग्राम येथून चालवला, तर केवळ प्रवासात दोन सेकंद जातात, आणि डीबी२मधील त्या प्रत्येक क्वेरीचा वेळ मात्र नगण्य दिसतो. तेच काम एका जॉइनमध्ये (टेबले जोडणाऱ्या एकाच क्वेरीत) केले आणि क्वेरीच्या शेवटी ती केवळ वाचनासाठी असल्याचे लिहिले, तर डीबी२ अनेक ओळी एका गठ्ठ्यात पाठवतो आणि फेऱ्या मोजक्याच राहतात. आपल्या दोन्ही गटांनी पुढच्या बैठकीला क्लास १ आणि क्लास २ यांचे आकडे आणि त्या व्यवहारातील एसक्यूएल विधानांची संख्या, एवढे तीन आकडे एकाच कागदावर घेऊन बसावे. विधानांची संख्या शेकड्यांत निघाली, तर कागद प्रथम प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती द्यावा.